उपग्रह पडतो तेव्हा चार आकडेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशच्या आकाशातून जळत्या रेषा ओढत काहीतरी गेले आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, साधारण तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. आसपासच्या शिवारांत गोल टाक्याही मिळाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असे वेळ आणि मार्ग जुळवून पाहणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. उल्का की उपग्रह, कडे कुठे नेले, टाकी कुणाच्या शेतात मिळाली, हे सगळे छापून आले. एक प्रश्न तेवढा राहून गेला. जी वस्तू चौदा महिने वर फिरत राहिली तिला खाली कोणी आणले?

हवेने आणले. जिथे हवा नाहीच असे आपण धरून चालतो तिथल्या हवेने. ती किती आहे, कधी वाढते, कधी आटते, हे आपल्याला मुख्यतः अशा घसरणाऱ्या वस्तूंनीच शिकवले आहे. पृथ्वीचा नेमका आकारही त्यांनीच सांगितला. म्हणून अशा बातमीसोबत चार आकडे (कक्षेच्या सर्वात जवळच्या आणि सर्वात दूरच्या बिंदूची उंची, विषुववृत्ताशी कक्षेचा कोन म्हणजे तिचा कल, आणि अंदाजाच्या वेळेतली चूक) छापावेत, अशी विनंती या पत्रातून करत आहोत. ते कोणते आणि त्यांचे वाचकाने काय करायचे, हेही सविस्तर लिहीत आहोत, कारण हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

आधी हवेचा अंदाज घेऊ. जमिनीलगतच्या एका घनकिलोमीटर हवेचे वजन सुमारे १२ लाख टन भरते. ४२० किलोमीटर उंचीवर, सूर्य मध्यम सक्रिय असताना, तेवढ्याच जागेत दोन-एक ग्रॅम हवा असते. चहात घालतो त्या अर्ध्या चमचा साखरेएवढी. पण उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो आणि दिवसाला पंधरा फेऱ्या मारतो. एवढ्या पळापळीत ते दोन ग्रॅमही त्याला जाणवतात.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. हवेच्या रोधाने उपग्रहाचा वेग वाढतो. रोध त्याची ऊर्जा खातो, त्यामुळे तो खालच्या कक्षेत उतरतो, आणि खालची कक्षा नेहमी जास्त वेगाची असते. उंची गमावल्याने जेवढी ऊर्जा सुटते तिचा अर्धा भाग वेगात जातो, अर्धा हवेशी घासण्यात. म्हणूनच घसरणारा उपग्रह ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर येतो. आधी किती सेकंद आला, हे मोजले की हवेची घनता हाती लागते. सगळी विद्या या एका वाक्यात आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा ३० सेंटिमीटर लांब आणि १० बाय १० सेंटिमीटर जाडीचा, ४ किलो वजनाचा एक बंद पडलेला छोटा उपग्रह आहे. महाविद्यालये बनवतात तसा. त्याच्या कक्षेची नोंद दोन ओळींची असते, टीएलई म्हणतात ती. ती सार्वजनिक सूचीत फुकट मिळते. प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची असून प्रत्येक रकान्याची जागा पक्की असते. दुसऱ्या ओळीत ५३ ते ६३ या जागांवर दिवसाला किती फेऱ्या, तो आकडा असतो. समजा आज तो १५.४८२५० आहे आणि पाच दिवसांनी १५.४८५४५.

फेऱ्यांवरून कक्षेची त्रिज्या काढायची. फेऱ्यांच्या आकड्याचा वर्ग करा, त्याचे घनमूळ काढा आणि त्याने ४२२४१ ला भागा. उत्तर किलोमीटरमध्ये, पृथ्वीच्या केंद्रापासून मिळते. आपल्या उदाहरणात ते ६८०० येते. त्यातून विषुववृत्ताची त्रिज्या ६३७८ वजा केली की उंची ४२२ किलोमीटर. फेऱ्या जेवढ्या पटीने वाढल्या त्याच्या दोन-तृतीयांश पटीने त्रिज्या घटते. या हिशेबाने पाच दिवसांत ८६४ मीटर, म्हणजे दिवसाला १७३ मीटर आणि एका फेरीत ११.२ मीटर घट झाली.

पुढचा टप्पा उपग्रहाच्या अंगाचा. हवेसमोर किती क्षेत्रफळ येते? गडबडा लोळणाऱ्या, कुठेही खोलगट नसलेल्या वस्तूचे सरासरी समोरचे क्षेत्रफळ तिच्या एकूण पृष्ठफळाच्या बरोबर पाव असते. आपल्या ठोकळ्याचे पृष्ठफळ ०.१४ चौरस मीटर, म्हणून पाव भाग ०.०३५. रोध गुणांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते तो आकडा, २.२ धरा. त्या विरळ हवेत कण एकमेकांवर न आदळता सुटे-सुटे येऊन अंगावर थडकतात, म्हणून हा आकडा जमिनीवरच्या चेंडूच्या जवळजवळ पाचपट असतो. २.२ गुणिले ०.०३५ भागिले ४ किलो, म्हणजे ०.०१९२५. याला सोयीसाठी रोध-आकडा म्हणू.

एका फेरीतली घट म्हणजे ६.२८ गुणिले रोध-आकडा गुणिले घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग. सगळे मीटर-किलोमध्ये घ्यायचे. त्रिज्या ६८ लाख मीटर. ११.२ ला बाकीच्या गुणाकाराने भागले की घनता मिळते. ती घनमीटरमागे किलोमध्ये असते, त्यामुळे तिला एक अब्जाने गुणा. उत्तर ०.००२ किलो. घनकिलोमीटरमागे दोन ग्रॅम. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर यापलीकडे काही लागले नाही.

दुर्बिणीने हेच कसे दिसते तेही पाहा. दिवसाला १७३ मीटर घट म्हणजे एका फेरीचा वेळ रोज केवळ ०.२१ सेकंदाने कमी होतो. हे कोणाला मोजता येईल, असे वाटेल. पण ही घट साचत जाते आणि तिचा परिणाम दिवसांच्या वर्गाने वाढतो. एका दिवसानंतर उपग्रह अपेक्षेपेक्षा १.६ सेकंद आधी येतो. दहा दिवसांनी १६४ सेकंद, जवळजवळ पावणेतीन मिनिटे आधी, म्हणजे कक्षेवर साडेबाराशे किलोमीटर पुढे. हे तर हातातल्या स्टॉपवॉचनेही कळते. दहा दिवस जुन्या नोंदीवरून, रोध शून्य धरून वेळ काढायची आणि गच्चीवर उभे राहून प्रत्यक्ष वेळ टिपायची. ओळखीच्या दोन जवळजवळच्या ताऱ्यांना जोडणारी रेषा उपग्रह ओलांडतो त्या क्षणी बटण दाबायचे आणि रेषेचा कितवा भाग त्याने कापला, तो कागदावर लिहायचा. सरावलेला माणूस साध्या दुर्बिणीने ०.१ सेकंद आणि अंशाचा साठावा भाग इथपर्यंत पोचतो. मोबाइलचे घड्याळ आधी इंटरनेटच्या प्रमाणवेळेशी मिळवून घ्यावे. सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयाआधीचे दीड-दोन तासच कामाचे, कारण खाली अंधार आणि वर उपग्रहावर ऊन हवे. पावसाळा सोडून द्यायचा. दिवाळी ते शिमगा हा आपल्याकडचा खरा हंगाम.

आता चुका कुठे होतात ते, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो.

पहिल्या ओळीत ३४ ते ४३ या जागांवर फेऱ्यांच्या वाढीचा वेग तयार दिलेला असतो. तो मुळात निम्मा करून छापलेला असतो, ही या नोंदीची जुनी रीत. दुप्पट करायला विसरलात की घनता निम्मी येते, आणि चूक शोधता शोधता दिवस जातो. दुसऱ्या ओळीतल्या विकेंद्रतेच्या, म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्याच्या, आकड्यात दशांशचिन्ह छापतच नाहीत. ते सुरुवातीला आहे असे समजायचे. बी-स्टार नावाचा जो रकाना आहे तो खरा रोध-आकडा धरून चालू नका. कक्षा जुळवताना उरलेसुरले सगळे त्यात कोंबलेले असते. उपग्रहाने इंजिन चालवले की तो कधी ऋणही होतो. म्हणून अवकाश स्थानक किंवा इंजिन असलेला कुठलाही चालू उपग्रह या कामी घेऊ नये. स्थानकाला अधूनमधून वर ढकलतात, त्यामुळे तिथे घट नव्हे, वाढ दिसेल.

लागोपाठच्या दोन दिवसांच्या नोंदींची वजाबाकी करू नका. नोंदींमधली स्वतःची थरथर तेवढीच असते. तीन ते पाच दिवसांचे अंतर ठेवा. याची किंमतही मोजावी लागते. चोवीस तासांत येऊन गेलेले सौर वादळ त्या सरासरीत विरून जाते.

सगळ्यात मोठी चूक क्षेत्रफळाची. वर घेतलेला ठोकळा डोके पुढे करून चालला तर ०.०१ चौरस मीटर, आडवा चालला तर ०.०३. तिप्पट फरक, आणि तो सरळ घनतेच्या उत्तरात उतरतो. म्हणून अभ्यासकांना गोल उपग्रह प्रिय. गोल कसाही फिरला तरी समोरून सारखाच. १९६१ मध्ये सोडलेला एक्स्प्लोरर ९ हा तर हवेची घनता मोजण्यासाठीच बनवलेला, साडेतीन मीटरहून थोडा मोठा फुगा होता. आकार मोठा, वजन नगण्य, म्हणजे रोध-आकडा भरघोस. पण फुग्याला आणखी एक गोष्ट ढकलते, ती म्हणजे सूर्यप्रकाश. सहा-सातशे किलोमीटरच्या वर गेलात की प्रकाशाचा दाब हवेच्या रोधाच्या बरोबरीला येऊ लागतो. तो वेगळा काढला नाही तर नसलेली हवा मोजली जाते.

उंचीचीही गंमत आहे. पृथ्वी ध्रुवांवर २१ किलोमीटरने चपटी आहे. वर्तुळाकार कक्षेतला उपग्रह ध्रुवाजवळ आपोआप जमिनीपासून २१ किलोमीटर जास्त उंच असतो. ४०० किलोमीटरच्या आसपास दर पन्नास-साठ किलोमीटरला घनता २.७ पटीने घटते, म्हणून २१ किलोमीटर म्हणजे तिसरा हिस्सा हवा कमी. शिवाय दुपारी दोनच्या सुमाराची हवा पहाटेच्या हवेपेक्षा फुगलेली असते. वर्तुळाकार कक्षेचे उत्तर या सगळ्याची सरासरी असते, हे लक्षात ठेवून ते वापरावे.

लंबवर्तुळाकार कक्षेची तऱ्हा वेगळी. झोपाळ्यावर बसून खाली येताना दरवेळी पाय जमिनीला घासला तर काय होते? झोपाळ्याचा सगळ्यात खालचा बिंदू तिथेच राहतो, पण दोन्ही बाजूंची उंची कमी कमी होत जाते. अगदी तसेच. उपभूपाशी, म्हणजे पृथ्वीच्या सर्वात जवळच्या बिंदूपाशी, हवा घासते आणि दूरचा बिंदू, अपभू, दर फेरीला खाली येतो. उपभू जवळजवळ जागचा हलत नाही. कक्षा हळूहळू गोल होत जाते आणि मग शेवटचे काही दिवस भरभर. लाँग मार्च ३बी चा तिसरा टप्पा भूस्थिर कक्षेकडे जाणारे उपग्रह सोडतो. उपभू काही शे किलोमीटरवर, अपभू हजारो किलोमीटर दूर. अशा कक्षेला चंद्र आणि सूर्यही ओढतात. महिनोन्महिने उपभू थोडा वर, थोडा खाली होत राहतो आणि त्यावर आयुष्य ठरते.

ही विद्या सुरू झाली १९५७ मध्ये. ४ ऑक्टोबरला स्पुटनिक १ वर गेला. ८३.६ किलोचा, ५८ सेंटिमीटरचा गोळा, उपभू सुमारे २१५ किलोमीटर. ४ जानेवारी १९५८ ला तो जळून गेला. या तीन महिन्यांत इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेस्मंड किंग-हील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरीचा वेळ कसा आखडत जातो ते मांडले. दोनशे किलोमीटरवरची हवा तोवरच्या अंदाजाच्या कित्येक पट दाट निघाली. अमेरिकेत स्मिथसोनियन वेधशाळेच्या लुइजी याकिया यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत दाखवले की ही हवा सूर्याच्या तालावर फुगते आणि आकसते. जगभर बारा ठिकाणी उपग्रह टिपणारे बेकर-नन कॅमेरे बसवले गेले होते, त्यांतला एक आपल्या नैनितालला होता. शिवाय मूनवॉच नावाने हजारो हौशी लोक दुर्बिणी लावून बसत. त्यांच्या वेळांच्या नोंदी खऱ्याखुऱ्या संशोधनात वापरल्या गेल्या.

गुरुत्वाकर्षणाचा भाग इथूनच जोडलेला. पृथ्वीच्या कमरेचा फुगवटा उपग्रहाच्या कक्षेची पातळी, म्हणजे कक्षा ज्या सपाट प्रतलात असते ते, फिरवतो. स्पुटनिकची पातळी रोज सुमारे ३ अंश पश्चिमेकडे सरकत होती. किती सरकली यावरून चपटेपणा, म्हणजे ध्रुवाकडची त्रिज्या किती हिश्श्याने कमी ते, निघतो. त्याआधी तो १/२९७ मानत. स्पुटनिक २ च्या कक्षेवरून १९५८ मध्ये तो १/२९८ च्या आसपास आला. आज तो १/२९८.२५७ आहे. फरक किरकोळ दिसतो, पण ध्रुवाच्या जागी तो सुमारे नव्वद मीटरांचा होतो. शंभर-दोनशे वर्षे जमिनीवर साखळ्या आणि कोनमापके घेऊन जे झाले, त्याला काही महिन्यांच्या कक्षानोंदींनी दुरुस्त केले. हे आजही घरून पाहता येते. अवकाश स्थानकाची पातळी रोज ५ अंश मागे सरकते, त्यात सूर्याचा रोजचा एक अंश मिळवला की सहा. म्हणजे पातळी रोज सुमारे २४ मिनिटे आधी डोक्यावर येते आणि साठ दिवसांत पुन्हा मूळ जागी. संध्याकाळी दिसणारे स्थानक काही दिवसांनी गायब होऊन पहाटे दिसू लागते ते यामुळेच. कार्टोसॅटसारख्या आपल्या निरीक्षण उपग्रहांची कक्षा तर मुद्दाम अशी कलती ठेवतात की फुगवट्याने पातळी रोज जवळजवळ एक अंश पूर्वेकडे सरकावी आणि उपग्रहाने दररोज त्याच स्थानिक वेळेला खालून जाणाऱ्या गावाचे छायाचित्र घ्यावे.

१७ मार्च १९५८ ला सोडलेला व्हॅनगार्ड १ हा दीड किलोचा, सुमारे साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा गोळा आजही वर आहे. त्याचा उपभू सुमारे ८० दिवसांच्या लयीत वर-खाली होत होता. १९५९ मध्ये त्यावरून निघाले की पृथ्वी उत्तर-दक्षिण सारखी नाही. समुद्रपातळी उत्तर ध्रुवाकडे सुमारे १९ मीटर बाहेर, दक्षिण ध्रुवाकडे सुमारे २६ मीटर आत. पृथ्वी नासपतीच्या आकाराची, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी छापले ते यावरून.

घसरणाऱ्या कक्षेची खास करामत मात्र अनुनादात आहे. दिवसाला बरोबर १५ फेऱ्या झाल्या की उपग्रह रोज त्याच त्याच जमिनीवरून जातो. खाली जिथे वस्तुमान जास्त आहे तिथला बारीकसा ओढा दररोज त्याच जागी लागतो आणि साचतो. त्याहून वरच्या कक्षेतून हवेमुळे खाली उतरणारा प्रत्येक उपग्रह कधीतरी या पंधराच्या आकड्यातून जातो. जुन्या रेडिओचा काटा फिरवताना मध्येच स्टेशन लागावे तसे. तेवढ्या आठवड्यांत कक्षेचा कल अंशाच्या काही शतांशांनी बदलतो. एरियल ३ या ब्रिटिश उपग्रहाच्या अशा प्रवासावरून गुरुत्वाकर्षणाचे असे बारकावे निघाले, जे तेव्हा दुसऱ्या कशाने दिसत नव्हते.

हवेचा अभ्यासक आणि गुरुत्वाकर्षणाचा अभ्यासक, दोघांचा उपग्रह एकच, पण एकाला जे हवे ते दुसऱ्याला नको. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस मोहिमेत दोन जुळे उपग्रह एकमेकांमागे २२० किलोमीटरवर धावत आणि त्या अंतरातला अतिसूक्ष्म बदल मोजत. त्यात हवेचा वाटा किती, हे सांगायला प्रत्येकात त्वरणमापक, म्हणजे वेगातला बारीक बदल टिपणारे उपकरण, ठेवावा लागला. त्या त्वरणमापकाच्या नोंदी आज उच्च वातावरणाचा खजिना ठरल्या आहेत. याच ग्रेसने दाखवले की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झाले. युरोपचा गोचे उपग्रह तर सुमारे २५५ किलोमीटरवर उडत होता, जिथे इंजिनाविना काही आठवड्यांतच पडला असता. त्याचे झेनॉनचे इंजिन हवेच्या रोधाएवढाच धक्का सतत पुढे देई. म्हणजे इंजिनाचा धक्का हाच हवेचा आकडा. ऑक्टोबर २०१३ मध्ये झेनॉन संपले आणि ११ नोव्हेंबरला तो पडला. व्हॅनगार्ड, ग्रेस, गोचे ही तिन्ही उड्डाणे १७ मार्चचीच, निव्वळ योगायोगाने.

या मोजणीचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची सरासरी पातळी आदर्श लंबगोलापेक्षा शंभर मीटरांहून जास्त खाली आहे. जगातला हा सगळ्यात खोल गुरुत्वखड्डा. त्याचा उतार कोकणापर्यंत येतो. मुंबईच्या चौपाटीवर उभे राहून उपग्रहांकडून मिळालेली कच्ची उंची दाखवणारे ॲप उघडा, ते उणे साठ मीटरांहून खाली आकडा दाखवेल. ॲप बिघडलेले नसते. खड्डा खरा आहे.

आता सूर्य. अकरा वर्षांच्या चक्रात ४०० किलोमीटरवरची घनता दहापटीने बदलू शकते. वर नवीन हवा येत नाही. खालची तापून वर उचलली जाते, दूध उतू जावे तशी. १९७३ चे अमेरिकी अवकाश स्थानक स्कायलॅब याच अंदाजात चुकले. पुढचे सौरचक्र अपेक्षेपेक्षा जोरदार निघाले, स्थानकाला वर ढकलायला यान वेळेत तयार झाले नाही आणि ११ जुलै १९७९ ला ते पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळले. त्या दिवसांतली आपल्याकडची धास्ती जुन्या पिढीला चांगली आठवते. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४० पर्यंत गमावले, ते तर मध्यम वादळात. कारण त्यांचा उपभू केवळ २१० किलोमीटर होता. मे २०२४ च्या मोठ्या वादळात आपल्या उपग्रहांचीही रोजची घसरण कित्येक पटींनी वाढली.

याचा चांगला उपयोगही होतो. २००७ च्या कार्टोसॅट २ ला ६३५ किलोमीटरवरून आपोआप पडायला सुमारे तीस वर्षे लागली असती. इस्रोने उरलेले इंधन वापरून २०२० पर्यंत त्याचा उपभू ३८० किलोमीटरवर आणला. पुढचे काम हवेने केले. १४ फेब्रुवारी २०२४ ला तो संपला.

एक काळजीची बाब, जी फार थोड्यांना माहीत आहे. जमिनीजवळ उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड तिकडे वर विरळ हवेत उष्णता अवकाशात फेकतो आणि थंडावा आणतो. त्यामुळे वरची हवा आकसते आहे. हजारो जुन्या वस्तूंच्या १९६७ पासूनच्या कक्षानोंदी तपासून निघाले की ४०० किलोमीटरवरची घनता दर दशकाला काही टक्क्यांनी घटते आहे. हवा पातळ झाली की कचरा जास्त वर्षे वर राहणार. हे मोजायला दुसरे कुठलेही साधन इतक्या मागे जात नाही. निकामी रॉकेटचे टप्पे आणि मेलेले उपग्रह यांच्याच दोन-दोन ओळींत हा इतिहास आहे.

म्हणून विनंती. उपग्रह पडण्याच्या बातमीत उपभू, अपभू, कक्षेचा कल आणि अंदाजाच्या वेळेतली चूक, हे चार आकडे छापावेत. चौथा फार महत्त्वाचा. उरलेल्या वेळाच्या किमान दहा टक्के चूक नेहमी गृहीत धरतात. उद्या याच वेळी पडेल, असा अंदाज असेल तर चूक मागेपुढे अडीच तासांची. या पाच तासांत वस्तू पृथ्वीला तीन फेऱ्या घालते. अशा वेळी अमुक जिल्ह्यावर पडणार, असे लिहिण्याला आधार नसतो. कलाचा आकडा मात्र खात्रीचे काहीतरी सांगतो. कल १९ अंशांपेक्षा कमी असेल तर मुंबई, नाशिक, नागपूर यांच्यावरून ती वस्तू जाणारच नाही. तुकडा सापडलाच तर त्याला हात लावू नये, पोलीस किंवा तहसीलदारांना कळवावे आणि जागा, वेळ, वजन, मापे लिहून ठेवावीत. टाक्यांत विषारी इंधनाचे अंश असू शकतात.

महाविद्यालयांनाही सांगणे आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीने वर नेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोला दहा ग्रॅम कमी. पृष्ठफळाचा पाव भाग ०.०१५ चौरस मीटर, रोध-आकडा सुमारे ०.०३३. कक्षा जवळजवळ गोल, म्हणून वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होतो. त्याच्या जुन्या नोंदी उतरवून घ्या, पाच-पाच दिवसांच्या अंतराने घनता काढा आणि कॅनडातल्या पेंटिक्टनहून रोज मोजल्या जाणाऱ्या, सूर्य किती सक्रिय आहे ते सांगणाऱ्या १०.७ सेंटिमीटर सौर रेडिओलहरींच्या आकड्याखाली त्याच आलेखकागदावर मांडा. लाडबोरीचा टप्पा दुसऱ्या प्रात्यक्षिकाला ठेवा. तिथे गोल कक्षेचे सूत्र चालत नाही. अपभूची घट आठवड्यागणिक मांडावी लागते आणि चंद्र-सूर्याची ओढ वेगळी काढावी लागते.

आपले,
दोन वाचक, नागपूर